काळ्या स्क्रीनवरच्या गप्पा: फिंगर, आयआरसी, आर्ची आणि गोफर

भाचा सांगलीतच इंजिनिअरिंगला आहे, परवा जेवायला आलेला आणि ताट समोर असताना मोबाईलवर त्या एआयच्या चौकटीत कायतरी टाईप करत बसलेला. मला म्हणतो, मामा तुमच्या वेळी असलं काय नव्हतं ना, नुसतं लिहायचं आणि पलीकडनं उत्तर येतंय. म्हटलं बाळा, आमच्या वेळी 'नुसतं लिहायचं' एवढंच होतं, चित्र नाही, माऊस नाही, काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. त्याला काय पटलं नाही, म्हणून म्हटलं हे सगळं कुठनं कसं आलं ते एकदा लिहूनच काढावं.

आधी आपल्याकडचं सांगतो म्हणजे बाकीचं कळेल. भारतात नेटवर्क आलं ते १९८६ च्या आसपास अर्नेटमुळं, त्यात मुंबईची एनसीएसटी, बंगलोरची आयआयएससी, पाच आयआयटी आणि दिल्लीचं इलेक्ट्रॉनिक्स खातं एवढीच मंडळी. म्हणजे आमच्यासारख्यांचा काय संबंध नाही. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं सुरू केलं तेव्हा. त्यात दोन प्रकार होते, एक महागडं टीसीपी-आयपी अकाउंट ज्यावर चित्रं दिसायची आणि दुसरं स्वस्तातलं शेल अकाउंट. शेल म्हणजे काय तर इंटरनेट तुमच्या घरी येतच नाही, ते त्यांच्या युनिक्स मशीनवरच राहतं, तुमचा कॉम्प्युटर फक्त त्या मशीनचा लांबलेला कीबोर्ड आणि स्क्रीन. तुम्ही अक्षर दाबलं की फोनच्या तारेवरनं तिकडं जातंय, तिकडनं परत येतंय आणि मग तुम्हाला दिसतंय. सुरुवातीचा स्पीड ९.६ केबीपीएस, पण नुसत्या अक्षरांना तेवढा पुरायचा.

मी हे बघितलं १९९७ साली. मित्राच्या काकांचं अकाउंट पुण्याचं, त्यामुळं सांगलीतनं पुण्याला एसटीडी लावायची, आणि एसटीडीला रात्री उशिरा पाव रेट लागायचा म्हणून आम्ही जागत बसायचो. मोडेम किंचाळला की घर उठायचं. एकदा तर सगळं नीट चाललेलं आणि खालच्या खोलीत मित्राच्या आज्जीनं पॅरलल फोन उचलला, स्क्रीनवर महिरपी कंस आणि टिंबांचा नुसता सडा आणि लाईन कट, आज्जी खालनं ओरडतीय की फोनमध्ये कोण शिट्ट्या मारतंय. बिल आलं तेव्हा काकांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण त्या शेलवर चालणारी फिंगर, टॉक, आयआरसी, आर्ची, गोफर ही सगळी हत्यारं आपल्याकडं पोचली तोपर्यंत तिकडं म्हातारी झालेली होती. सगळ्यात जुनं म्हणजे फिंगर. १९७१ साली स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये लेस अर्नेस्ट यांनी लिहिलं. तिथं मशीनवर कोण कोण आहे याची यादी आधीपासूनच निघायची पण लोक स्क्रीनवर बोट फिरवून त्यातनं माणूस शोधायचे, ते बोट बघून नाव फिंगर. नाव टाकलं की तो माणूस आत्ता मशीनवर आहे का, शेवटचा कधी होता, असं सगळं कळायचं. लास्ट सीन म्हणतात ते हेच, पन्नास वर्षांपूर्वीचं! कार्नेगी मेलनच्या पोरांनी तर कोकच्या मशीनला स्विच जोडले आणि आपल्या जागेवरनंच कॉम्प्युटरला विचारायचे की बाटल्या आहेत का आणि गार झाल्यात का, उगाच जिने उतरून हेलपाटा नको म्हणून. आळशीपणातनं जेवढा शोध लागतो तेवढा अभ्यासातनं लागत नाही हे माझं जुनं मत आहे.

फिंगरचं पुढं वाईट झालं. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म, म्हणजे एका मशीनवरनं दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सुटला, तो मशीनमध्ये ज्या भोकांतनं शिरायचा त्यातलं एक भोक फिंगरच्या सर्व्हरमधलं होतं. पुढं पुढं लोकांनी फिंगर बंदच करून टाकलं, कोण घरात आहे ते दारावर लिहून ठेवायचे दिवस संपले म्हणा.

दुसरं टॉक. युनिक्सवर होतं, १९८३ च्या बर्कलीच्या आवृत्तीपासून दोन वेगळ्या मशीनवरच्या माणसांना बोलता यायला लागलं. स्क्रीनचे आडवे दोन भाग, वर तुम्ही आणि खाली समोरचा. आणि यात सेंड बटण नाही हो, एकेक अक्षर टाईप होईल तसं समोर दिसायचं. म्हणजे तुम्ही 'नाही' लिहिलं, थांबलात, खोडलं आणि 'बघतो' लिहिलं, तर समोरच्याला तुमचं खोडणं पण दिसलं. आत्ता फक्त 'टायपिंग...' एवढं दिसतं आणि काय लिहून खोडलं याचा विचार करत माणूस जागा राहतो, त्यापेक्षा ते बरं होतं. पण टॉकवर दोघंच, पारावरच्या गप्पा त्यात होत नव्हत्या.

त्या पारावरच्या गप्पा म्हणजे आयआरसी, इंटरनेट रिले चॅट. फिनलंडमध्ये औलू म्हणून गाव आहे, तिथल्या युनिव्हर्सिटीत यार्को ओइकारिनेन नावाचा पोरगा १९८८ च्या उन्हाळ्यात डिपार्टमेंटचा सर्व्हर सांभाळायच्या कामावर होता. त्या कामात काय त्याचा सगळा वेळ जात नव्हता, म्हणून उरलेल्या वेळात त्यानं तिथल्या औलूबॉक्स या बुलेटिन बोर्डासाठी, म्हणजे फोनवरनं जोडून निरोप लिहायच्या फळ्यासाठी, गप्पांचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि ऑगस्टमध्ये तो चालू झाला. फिनलंडमधली दुसरी कॉलेजं जोडली गेली, मग अमेरिका, १९८९ च्या मध्यापर्यंत जगभरात चाळीसेक सर्व्हर झाले. उन्हाळी नोकरीतला फावला वेळ, बाकी काय नाही.

ह्यात चॅनेल असायचे, म्हणजे एकेका विषयाच्या गप्पांच्या खोल्या, आणि नावापुढं हॅशची खूण. नंतर ट्विटरवर २००७ साली ख्रिस मेसिना यांनी विषयापुढं हॅश लावूया म्हणून सुचवलं ते ह्याच चॅनेलांवरनं, म्हणजे आत्ता लग्नाच्या फोटोखाली जो हॅशटॅग टाकतात त्याची आज्जी फिनलंडची. निकनेम सुरुवातीला नऊ अक्षरांत बसवायचं. चॅनेलमध्ये जो पहिला शिरेल तो ऑपरेटर, त्याच्या नावापुढं ॲट-चं चिन्ह, आणि त्याला कुणालाही हाकलता यायचं. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन माजतो ना, तो माज तिथनंच आलाय.

आता नेटस्प्लिट ही गंमत जरा नीट सांगतो कारण ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळंल. आयआरसीचे सर्व्हर एकमेकांना झाडासारखे जोडलेले, म्हणजे कुठल्याही दोन सर्व्हरमध्ये रस्ता एकच, दुसरा वळसा नाही. मधली एक लिंक तुटली की झाडाचे दोन तुकडे. आयर्विन पुलावरनं वाहतूक बंद झाली की सांगलीवाडी तिकडं आणि आपण इकडं होतो तसं, फक्त आपल्याला निदान वळसा घालून जाता येतंय, इथं तेही नाही. स्क्रीनवर एकदम वीस-पंचवीस जण 'क्विट' झालेले दिसायचे आणि गंमत म्हणजे पलीकडच्यांना वाटायचं की आपणच गेलो. ह्यातला बदमाशपणा असा की फुटलेल्या तुकड्यावर ज्या चॅनेलमध्ये कुणीच उरलं नाही तिथं एखादा चोरटा शिरायचा, पहिला म्हणून ऑपरेटर व्हायचा, आणि लिंक परत जुळली की ऑपरेटर म्हणूनच मूळ चॅनेलात हजर! पूर ओसरल्यावर घरी यावं आणि सोप्यात दुसराच कोण पान खात बसलेला. ह्याच्यावरनं एवढी भांडणं झाली की चॅनेल राखायला लोकांनी बॉट, म्हणजे माणसासारखे हजर राहणारे प्रोग्रॅम, बसवले, १९९३ चा एगड्रॉप त्यातला सगळ्यात गाजलेला, चोवीस तास ऑपरेटर होऊन बसायचा. पुढं काही बॉट असे आले की 'अमुक म्हणजे काय' विचारलं की आधी शिकवून ठेवलेलं उत्तर फेकायचे. भाच्याला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा जेवायचा थांबला.

नेटवर्कं पण फुटली. बर्कलीत एरिस नावाचा सर्व्हर होता, तो कुणालाही पासवर्डशिवाय जोडून घ्यायचा, १९९० मध्ये त्याला वगळून बाकीच्यांनी वेगळी चूल मांडली, नाव ठेवलं ईएफनेट, म्हणजे एरिस-मुक्त नेटवर्क. मग १९९२ ला अंडरनेट, १९९४ ला डालनेट. भाऊबंदकी आपल्याकडंच असते असं नाही. पण १९९१ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला तेव्हा तिथल्या बातम्या ह्याच आयआरसीवरनं बाहेर येत होत्या, त्याआधी जानेवारीत आखाती युद्धाच्या वेळीही तेच.

आता माहिती शोधायचं. गप्पा झाल्या, पण फाईल कुठं आहे? फाईल आणायचं साधन आधीच होतं, एफटीपी, आणि त्याचा पहिला मसुदा १९७१ साली एमआयटीत लिहिला तो अभय भूषण यांनी, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे. हे आपल्याकडं किती जणांना माहितीय? असो. अडचण ही की एफटीपीचे कोठारवाले जगभर पसरलेले आणि कुणाकडं काय आहे ते बाहेरनं दिसायचं नाही. हरिपूरला हळदीची पेवं होती, २००५ च्या पुरानं वाट लावायच्या आधी, जमिनीखाली हळद आणि वर सपाट माती. कुठल्या पेवात कुणाचा माल ते दिवाणजीच्या वहीतच बघायला लागायचं. इंटरनेटला असा दिवाणजी नव्हता.

तो दिवाणजी म्हणजे आर्ची. ॲलन एमटेज, मूळचे बार्बाडोसचे, माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत होते. लोकांना सॉफ्टवेअर शोधून द्यायचं त्यांच्याकडं आलेलं आणि तेच तेच शोधायचा कंटाळा, म्हणून त्यांनी स्क्रिप्ट लिहिल्या ज्या एफटीपी साईटवर जाऊन तिथल्या फाईलींच्या याद्या घेऊन यायच्या. मग त्या यादीत शोधलं की झालं. १९९० साली हे सगळ्यांसाठी खुलं झालं. इंग्रजी 'archive' मधला 'v' काढला की 'archie', म्हणजे आर्ची. इंटरनेटवरचं पहिलं सर्च इंजिन म्हणतात ते हेच, पण फक्त फाईलचं नाव शोधायचं, आत काय आहे ते नाही. तरी एवढं चाललं की कॅनडाच्या त्या भागातलं निम्मं ट्रॅफिक एकट्या आर्चीचं असायचं असं सांगतात. पेटंट घेतलं नाही.

आणि ज्यांच्याकडं फक्त ईमेल होतं त्यांचं काय? तर आर्चीला ईमेल करायचा! शोधायचं नाव मेलमध्ये लिहून पाठवायचं, उत्तर मेलनं. मग एफटीपीमेलला मेल करायचा की ती फाईल पाठव, ती अक्षरांत रूपांतर होऊन तुकड्या-तुकड्यात यायची आणि आपण जोडत बसायचं. दहा तुकड्यांतला सातवा आला नाही की दहाही बाद. एसटीचं पार्सल परवडलं.

मग गोफर. मिनेसोटा युनिव्हर्सिटी, १९९१, मार्क मॅककाहिल आणि मंडळी. गोफर म्हणजे आपल्या घुशीसारखा बिळं पाडणारा प्राणी, तो त्या युनिव्हर्सिटीचा मॅस्कॉट. उघडलं की नंबर घातलेली यादी, बाणानं खाली जायचं, एंटर मारायचा, आत अजून यादी, एखादा मेनू दुसऱ्या देशातल्या मशीनवर असला तरी तुम्हाला कळायचंपण नाही. आर्चीच्या कॉमिक्समधली बाकीची नावं मग गोफरवाल्यांनी उचलली, गोफरच्या याद्यांत शोधायला नेवाडात १९९२ ला व्हेरोनिका आलं, युटात १९९३ ला जगहेड. ती कॉमिक्स मिरज स्टेशनच्या स्टॉलवर मिळायची, आम्ही फुकट चाळायचो.

गोफर जिंकणार असंच सगळ्यांना वाटत होतं. आणि मग १९९३ च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीनं सांगितलं की गोफरचा सर्व्हर धंद्यासाठी वापरणार असाल तर फी लागेल. दोनच महिन्यांनी, ३० एप्रिलला, जिनिव्हाच्या सर्न या प्रयोगशाळेनं तिथं तयार झालेलं वेब सगळ्यांना फुकट वापरायला सोडून दिलं. १९९४ मध्ये वेबचं ट्रॅफिक गोफरच्या पुढं गेलं. चित्रं हे कारण होतंच, पण माझं मत विचाराल तर घूस फीच्या पिंजऱ्यातच मेली. आयआरसी कुणाच्या मालकीचं नाही, २०२१ मध्ये फ्रीनोड या एका आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरनं राडा झाला तर मंडळींनी बिऱ्हाड उचललं आणि लिबेरा चॅट म्हणून दुसरीकडं मांडलं. याहू मेसेंजर २०१८ ला बंद झालं तेव्हा कुणाला कुठं जाता आलं?

मराठीचं मात्र हाल. त्या फिनलंडच्या पोरानं स्वतःच्या भाषेची सोय नकळत करून घेतली होती, त्यांच्या कीबोर्डावर कंसांच्या जागी टिंबवाली अक्षरं, म्हणून आयआरसीत चौकोनी कंसाचं लहान रूप म्हणजे महिरपी कंस असा नियमच होता. आपल्याला तेवढंही नाही. कॉम्प्युटरवर देवनागरी दाखवणारं पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड होतं पण ते त्या मशीनपुरतं, तारेवरनं पलीकडच्याला देवनागरी दिसायची नाही. म्हणून रोमनमध्ये मराठी, त्यात बी-ए-एल लिहिलं की बाल, बाळ की बळ ते संदर्भानं ओळखायचं, आणि 'ळ' साठी भांडणं.

शेवटी भाच्याचा लॅपटॉप घेतला, लिंक्स टाकायला लावलं. हा कॅन्सस युनिव्हर्सिटीतला १९९२ चा नुसत्या अक्षरांचा ब्राउझर, अजून जिवंत आहे आणि गोफर पण उघडतोय. अजून चालू असलेल्या एका गोफर सर्व्हरचा पत्ता दिला, एंटर मारला. काळी स्क्रीन, वरनं खाली यादी. तो बघत बसला. बराच वेळ बघत बसला.

"मामा, लोड कधी होणार?"

म्हटलं, "झालंय की."