कालवा, पाट, चारी: पुण्याच्या पाणीवादामागचे शब्द

उन्हाळी आवर्तनासाठी, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीसाठी, धरणाच्या पाण्याची वाटणी ठरवणाऱ्या कालवा समितीची बैठक लागली की पुण्यात दरवर्षी तोच वाद पेटतो. शहराला किती, दौंड-इंदापूरला किती? या बातम्यांत कालवा, चारी, पाट हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. शब्दकोशात ते शेजारी बसतात, शेतावर मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

कालवा म्हणजे धरणातून किंवा नदीतून पाणी दूर नेण्यासाठी खोदलेला मोठा मार्ग. शब्दाचे सोयरे दक्षिणेत सापडतात: कन्नड कालुवे, तेलुगू कालुव, तमिळ काल्वाय. संस्कृतात कुल्या. अरबीतून आलेला नहर मराठवाड्याला मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरी या जुन्या पाणीयोजनेमुळे जवळचा. गावाकडे ‘कालवा’ म्हणजे गलकासुद्धा. समितीच्या बैठकीत दोन्ही अर्थ चालून जातात.

पेशवाईतल्या पुण्यात पाणी आलं ते मात्र कालव्याने नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावापासून बांधीव भुयारी मार्ग काढून पाणी शनिवारवाड्याला आणि पेठांतल्या हौदांना पोचवलं. गाळ काढता यावा, हवा खेळावी म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवले. लोक त्याला कात्रजचा नळ म्हणत, आणि ते बरोबरच होतं. कालवा उघड्यावर वाहतो.

पुण्याचा खरा कालवा इंग्रजी अमदानीतला. खडकवासल्याचं धरण १८६९ ते १८७९ या काळात उभं राहिलं. जलाशयाला फाइफ या लष्करी अभियंत्याचं नाव पडलं. लष्कर भागाला पाणी आणि पूर्वेकडच्या अवर्षणी पट्ट्याला ओलीत, असे दोन्ही हेतू होते. मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटवरून हडपसरकडे वळणं घेत जातो. ही वळणं हौसेची नाहीत. कालवा समपातळीच्या रेषेला धरून, अगदी थोड्या उताराने नेला की तो नदीपेक्षा उंचावर राहतो आणि नदीकडच्या रानात पाणी आपोआप उतरतं. त्याचीच दुसरी बाजू २७ सप्टेंबर २०१८ रोजी दिसली. उजवा कालवा फुटला आणि पाणी खालच्या दांडेकर पूल परिसरातल्या वस्तीत शिरलं.

मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदाही १८७९ चाच. पुढे १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमातही ‘कालवा’ या शब्दाची व्याप्ती चांगलीच ऐसपैस आहे: सरकारी चर, नळ, इतकंच काय, जलाशयसुद्धा त्यात बसतात. कायद्याच्या मराठीत धरणाचं पाणी साठलं तिथपासूनच कालवा सुरू होतो म्हणायचा.

खाली रानात भाषा बदलते. कालव्यातून वितरिका निघते, तिला लोक फाटा म्हणतात. तिच्यातून मायनर, मग शेतचारी, पोटचारी, आणि शेवटी पाट. पाट हा या सगळ्यांत जुना. मोटेचं पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या कुंडात, पडायचं आणि तिथून पाटाने सरीत जायचं, तेव्हा सरकार कुठेच नव्हतं. खात्याने नाव घेताना हाच शब्द उचलला आणि ‘पाटबंधारे’ झालं. पाणी सोडणारा तो पाटकरी. मागणी करायची ती सात नंबरच्या अर्जावर. रात्री-अपरात्री दारं धरायची, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायचं, ते मात्र शेतकऱ्यानेच. कालव्याच्या शेवटाला जमीन असलेल्याला ‘टेल’ हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. वरच्यांनी पाणी ओढलं की तो शब्द त्याला कोरड्या चारीतच भेटतो.

उरलेले शब्द पर्यायी म्हणून दिले जातात, पण ते जरा जपून वापरावेत. चर पाणी मुरवायला किंवा निचऱ्याला, खंदक किल्ल्याभोवती. ओढा आणि नाला मुळात नैसर्गिक. आंबील ओढ्याचा प्रवाह पेशव्यांनी वळवला, तरी त्याला कुणी कालवा म्हटलं नाही.

खडकवासला ते फुरसुंगी हा टप्पा आता बोगद्यातून नेण्याची योजना आहे. गळती आणि पाणीचोरी थांबावी, हा त्यामागचा हिशेब. बोगदा झाला तर पुणेकर त्याला काय म्हणतील ते म्हणोत, १९७६ च्या व्याख्येप्रमाणे तो कागदोपत्री कालवाच राहील.