लफंगा आणि ड्रॅगन

लफंगा आणि ड्रॅगन ही अद्भुतरम्य साहसमालिकांमधील एक रूढ जोडी आहे. पोटासाठी चोऱ्यामाऱ्या करणारा, कुळशील नसलेला पोरगा आणि त्याच्या हाती बहुतेक वेळा अंड्याच्या रूपात लागलेला ड्रॅगन, अशी ती असते. अंडे चोरीच्या मालात येते. पोराला ते विकायचे असते, पण गिऱ्हाईक मिळण्याआधीच ते फुटते आणि मालिकेचे पुढचे सगळे भाग या फसलेल्या सौद्याचे परिणाम निस्तरण्यात जातात. मुंबईतला मराठी वाचक या जोडीला इंग्रजी पुस्तकांतून, हिंदीत डब केलेल्या चित्रपटांतून आणि मोबाइलवरच्या गेमांतून ओळखतो. मराठीत मात्र दोघांना कोणत्या नावाने हाक मारायची, इथेच गाडी अडते. ती अडचण नुसती शब्दांची नाही, म्हणून तिला या नोंदीत जरा जास्त जागा दिली आहे.

उगम

या जोडीची सुरुवात मैत्रीतून झालेली नाही, चोरीतून झाली आहे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, ती इ. स. १०००च्या आसपासची. काव्याच्या उत्तरार्धात एक निनावी, परागंदा माणूस ड्रॅगनच्या गुहेत शिरतो आणि तो झोपलेला असताना खजिन्यातला एक प्याला उचलतो. जागा झालेला ड्रॅगन मुलूख जाळत सुटतो, म्हातारा राजा त्याच्याशी लढायला जातो आणि शेवटी दोघेही मरतात. एवढा अनर्थ ज्याच्यामुळे झाला तो माणूस कोण, हे मात्र धड कळत नाही. हस्तलिखिताचे पान नेमके त्याच जागी खराब झाले आहे. त्याला गुलाम म्हटले आहे, चोर म्हटले आहे की कुणा सरदाराचा माणूस, हे पहिल्या अक्षरापुढे वाचता येत नाही. बहुतेक अभ्यासक ‘गुलाम’ असे वाचतात. या पात्राला नावगाव नसणे इतके जुने आहे.

ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३७ साली ‘द हॉबिट’मध्ये ही प्याल्याची चोरी जवळजवळ तशीच उचलली. त्यांचा नायक तर घरफोड्या म्हणून रीतसर कामावर ठेवलेला आहे. पण तिथे एक नवी गोष्ट घडते: चोर आणि ड्रॅगन एकमेकांशी बोलतात. कोड्यांत, एकमेकांना जोखत, थोडी खुशामत करत बोलतात. दोघांत काही नाते असू शकते, याची पहिली चाहूल या संभाषणात आहे.

नायकाचा दुसरा पूर्वज स्पेनमधला. १५५४ साली लेखकाचे नाव न घालता छापलेल्या ‘लाझारिलो दे तोर्मेस’मध्ये एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हाताखाली तयार झालेला पोरगा आपलीच लबाडी मिटक्या मारत सांगतो. उपाशी, हुशार आणि मालकाला गंडवणाऱ्या या पोराची एक परंपराच पुढे युरोपात पसरली. तिकडे ड्रॅगनचा स्वभाव बदलला तो अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या पर्न ग्रहावरच्या कथांनी. ‘ड्रॅगनफ्लाइट’ ही त्यातली पहिली कादंबरी १९६८ साली आली. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू समोरच्या गर्दीतून एक माणूस निवडते आणि त्या क्षणापासून दोघांची मने कायमची जोडली जातात, ही कल्पना तिथून सगळीकडे गेली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा खेळ १९७४ साली निघाला. पुढच्याच वर्षीच्या पुरवणीत ‘चोर’ हा खेळाडूने घ्यायचा एक पेशा झाला, आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचे नाव बदलून ‘रोग’ (rogue, म्हणजे लबाड) ठेवण्यात आले. चोराला प्रतिष्ठा मिळाली ती अशी.

नावाचा घोळ

तो इंग्रजी ‘रोग’ देवनागरीत जसाच्या तसा लिहिला की पोराला कावीळ झाल्यासारखे वाटते. मग मराठी शब्द शोधायला जावे तर पहिला सुचतो ‘भामटा’. बोलण्यात तो सर्रास वापरला जातो, पण ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ ही महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीतली नावे आहेत. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा कित्येक समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. कायदा १९५२ साली गेला, तेव्हा ते ‘विमुक्त’ झाले. दुसरा शब्द ‘उचल्या’. तेही एका समाजाचे नाव, आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या त्याच नावाच्या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यापासून तो शब्द मौजेने वापरणे मराठी वाचकाला जमू नये. इंग्रजीत जो खेळातला पेशा आहे, त्यासाठीच्या आपल्या शब्दांमागे पोलिसपाटलाची हजेरी, तांडा आणि मार खाल्लेली माणसे उभी आहेत. अनुवादकाने हे ध्यानात घेतलेच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उरतात ते मुंबईचे शब्द: टपोरी, मवाली, चालू, आगाऊ. यांतला ‘टपोरी’ वयाने आणि चालीने बरोबर बसतो, पण त्याच्याबरोबर गळ्यातला रुमाल आणि नाक्यावरचा पानवाला आपोआप येतो. ‘उडाणटप्पू’ फारच निरुपद्रवी. असला मुलगा चोरी करण्याऐवजी शाळा बुडवून पतंग उडवील. ‘बिलंदर’ चांगला आहे, पण ते विशेषण आहे. या नोंदीत ‘लफंगा’ घेतला आहे तो बराचसा नाइलाजाने.

चोर नायक मात्र आपल्याला परका नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. भोकाचा आकार कमळासारखा असावा, सूर्यासारखा, चंद्रकोरीसारखा की पूर्णकुंभासारखा, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो आणि माप घ्यायला दोरी विसरल्याने चक्क जानवे वापरतो. काम चालू असताना त्याला साप चावतो. तेव्हा बोट बांधायलाही तेच जानवे उपयोगी पडते. चोरी कशासाठी, तर प्रेयसीला दास्यातून सोडवण्यासाठी. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक संगीत रंगभूमीवर आणले, त्यामुळे मराठी प्रेक्षकाची या चोराशी ओळख जुनी आहे. कुळाचा ठावठिकाणा असलेला हा चोर पाश्चात्त्य लफंग्याहून वेगळा पडतो खरा. पण साप आणि चोर एका प्रवेशात आणण्याचा मान त्याच्याकडेच जातो.

ड्रॅगनला मराठी शब्द नाही, असे म्हणतात. पंखवाल्या, आग ओकणाऱ्या प्राण्याला नाही हे खरे. पण त्याचे काम करणारा आपल्याकडे आहे. पुरलेल्या धनावर नाग बसलेला असतो, हे गावोगाव ऐकू येते, आणि कंजूष माणूस मेल्यावर नाग होऊन आपल्या हंड्यावर बसतो, अशी त्याची पुरवणीही असते. कोकणात त्यापुढे जाऊन ‘राखणदार’ आहे. गावाची वेस, बाग, विहीर यांवर नजर ठेवणारा, कधी सापाच्या रूपात दिसणारा, मान दिला तर सांभाळणारा आणि डावलले तर हिसका दाखवणारा. परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी माणसांबरोबर तो गोष्टींतून मुंबईतही आला. म्हणून दादरच्या एखाद्या घरात पोरगा असली मालिका वाचत असेल आणि आजीने विचारले की “अरे, त्या पुस्तकात एवढं काय आहे?”, तर “एका चोराला राखणदार मिळतो” एवढे उत्तर पुरते. तिला अग्नी आणि पंख समजावत बसायची गरज पडत नाही.

मुंबईतला ड्रॅगन

शहरात ड्रॅगन पाहायला मिळतो तो प्रथम चायनीजच्या गाडीवर. लाल पत्रा, त्यावर पिवळ्या रंगाने काढलेला वेटोळ्यांचा ड्रॅगन, खाली भडकलेला स्टोव्ह आणि शेझवानची बरणी. हा ड्रॅगन चिनी, म्हणजे मुळात पावसाचा आणि भाग्याचा. खजिन्यावर बसून माणसे जाळणे हा त्याचा धंदा नव्हे. माझगावात १९१९ साली बांधलेले सी यिप मंदिर आहे. मुंबईतल्या मोजक्या उरलेल्या चिनी कुटुंबांचे हे देऊळ चिनी नववर्षाला गजबजते. साहसमालिकांमधला ड्रॅगन मात्र युरोपीय कुळातला, आणि त्याचे नातेवाईक शोधायचे तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहून मान वर करावी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याने उभ्या राहिलेल्या आणि २००४ साली जागतिक वारसा ठरलेल्या या इमारतीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून पावसाचे पाणी ओकणारे विचित्र पशू बाहेर डोकावतात. कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. ७:४२ची लोकल पकडणाऱ्याला ते दिसत नाहीत, ही वेगळी गोष्ट.

जोडी चालते कशी

या कथांचे यंत्र दोन साध्या विसंगतींवर चालते. पहिली आकाराची. चोराची सगळी विद्या लपवण्याची: स्वतःला, मालाला, इराद्याला. आणि त्याच्या हाती येते अशी वस्तू, जी दर महिन्याला वाढते. पहिल्या भागात पिल्लू बंडीच्या आत मावते, दुसऱ्यात त्याला तळघर लागते, तिसऱ्यात ते आकाशात दिसते आणि सगळ्या राज्याला कळते. चांगला लेखक ड्रॅगनच्या वाढीचे वेळापत्रक जपून वापरतो. वाईट लेखक त्याला एका प्रकरणात घोड्याएवढा करतो आणि मग पाचशे पाने दोघांना नुसते उडवत ठेवतो.

मुंबईकर वाचक इथे हमखास एक प्रश्न विचारतो, जो मूळ लेखकाला सुचलेला नसतो: ठेवणार कुठे? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सहा-सात माणसे, कपाट, मोरी आणि माळ्यावर गणपतीची आरास. माळ्यावर अंडे राहील. पिल्लू फार तर गॅलरीत, तेही शेजारच्या काकूंनी कपडे वाळत घालायला जागा मागेपर्यंत. असा पोरगा लिहायचाच झाला तर त्याला पहिल्या भागातच बोरिवली गाठावी लागेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, आत कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत आणि माणसांच्या वस्तीला खेटून बिबटे राहतात. तिथल्या आणि आरेच्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला पुजतात. ज्याच्या तोंडी जाण्याची भीती आहे त्याच्याशीच मान देऊन करार करायचा, ही रीत ड्रॅगनस्वारांच्या सगळ्या प्रशिक्षणशाळांपेक्षा जुनी आणि जास्त व्यवहारी आहे.

दुसरी विसंगती खोटेपणाची. लफंगा सगळ्यांशी खोटे बोलतो. तेच त्याचे भांडवल. पण मने जोडलेली असल्यामुळे ड्रॅगनशी खोटे बोलता येत नाही. पोरगा भ्यायला की त्याला कळते, पळून जायचा बेत केला की त्याला कळते. म्हणजे ड्रॅगन हे शस्त्र किंवा वाहन असण्याआधी साक्षीदार आहे. या मालिकांमधली उत्तम प्रकरणे लढायांची नसतात, तर पोरगा कुणाला तरी सफाईने गंडवत असताना ड्रॅगन मागे गप्प बसलेला असतो, ती असतात. सुधारणेचे पुढचे पाऊल, म्हणजे पोरगा हरवलेल्या राजघराण्याचा वारस निघणे, हे मात्र बहुतेक वेळा निराश करते. ज्याला नाव नव्हते म्हणून तो आवडला, त्याच्या गळ्यात शेवटी वंशावळ अडकवली जाते.

भाषेचा एक पेच मराठीत उरतोच. इंग्रजीतला एकच सर्वनाम असलेला संवाद मराठीत आणताना कोण कुणाला ‘तू’ म्हणतो हे ठरवावे लागते. अंड्यातून काल निघालेल्या जिवाला पोरगा ‘ए’ म्हणणार, यात शंका नाही. पण ड्रॅगनची स्मृती पिढ्यानपिढ्यांची; तो बोलू लागला की त्याची मराठी पोथीतली असावी की नाक्यावरची? दोघांची मने एक असतील तर ती मराठी पोराकडूनच शिकलेली असणार, आणि मग हजार वर्षांची आठवण असलेला राखणदार पहिले वाक्य बोलतो ते “भूक लागली ना यार” असे.