पट्टा मोठ्यांचा, अंग लहानाचं: हाय-बॅक बूस्टर सीटची पार्श्वभूमी

सात वर्षांच्या मुलाला गाडीच्या मागच्या सीटवर नुसता बसवून पट्टा लावून बघा. वरचा भाग गळ्याला घासतो, म्हणून मूल तो काखेखालून घेतं नाहीतर सरळ पाठीमागे टाकतं. खालचा भाग कमरेवर न राहता पोटावर चढतो. सीट खोल असल्यामुळे गुडघे काठावर दुमडत नाहीत, पाय सरळ राहून अवघडतात, मग मूल पुढे घसरून पोक काढून बसतं आणि पट्टा आणखी वर जातो. यात मुलाचा हट्ट नाही की पट्ट्याचा बिघाड नाही. तो पट्टा त्याच्या मापाचा कधी नव्हताच. हाय-बॅक बूस्टरचा, म्हणजे मुलाला उचलून बसवणाऱ्या पाठीच्या सीटचा, सगळा इतिहास म्हणजे ही एक चूक दुरुस्त करत जाण्याचा इतिहास आहे. सीट निवडताना हे लक्षात असलं की दुकानातल्या निम्म्या गोष्टी आपोआप बाजूला पडतात.

तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये गाडीत आणला. त्यामागची कल्पना साधी होती: धडकेचा जोर शरीरातल्या दणकट हाडांनी घ्यायचा. वर गळपट्टीचं हाड आणि छातीचा पिंजरा, खाली कमरेचं हाड. मधलं मऊ पोट मोकळं ठेवायचं. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढच्या बाजूला दोन्हीकडे टोकं असतात. खालचा पट्टा त्या टोकांखाली अडकतो आणि तिथेच राहतो. लहान मुलांत ती टोकं पुरती तयार झालेली नसतात. साधारण दहाव्या वर्षापर्यंत त्यांचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे धडकेत पट्टा हाडावरून सटकून पोटात घुसतो आणि आतडी, यकृत, कण्याचे मणके यांना इजा होते. पोटावर चढलेल्या पट्ट्यामुळे होणाऱ्या अशा दुखापतींना वैद्यकीय लेखनात ‘सीटबेल्ट सिंड्रोम’ हे नाव १९६२ मध्येच मिळालं होतं. पट्टा नसण्यापेक्षा तो बराच, पण चुकीच्या जागी बसलेला पट्टा स्वतःच इजा करतो, हे तेव्हापासून माहीत आहे.

मुलांसाठीच्या सीटचा सुरुवातीचा काळ इथे थोडक्यात पुरे. १९३० च्या दशकात अमेरिकेत मिळणाऱ्या ‘बाळाच्या सीट’ मुलाला खिडकीबाहेर दिसावं आणि त्याने जागेवर बसून राहावं एवढ्यासाठीच होत्या. सुरक्षेचा विचार १९६० च्या दशकात आला. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास मागे तोंड करून बसवायच्या सीटवर काम केलं; अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर घेतात, तसा धडकेचा जोर बाळाने पाठीवर घ्यावा, ही त्यामागची प्रेरणा. यातून तान्ह्या आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांची सोय झाली. पण चार ते बारा वर्षांची मुलं, म्हणजे बाळाच्या सीटमध्ये मावत नाहीत आणि गाडीच्या पट्ट्यात बसत नाहीत अशी, मधेच लटकली.

त्यांच्यासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्होल्वोने बूस्टर कुशन आणलं. त्यात स्वतःचा एकही पट्टा नव्हता. मुलाला उचलून मोठ्यांच्या पट्ट्याच्या मापात आणायचं, एवढंच त्याचं काम. उंची वाढली की वरचा पट्टा गळ्यावरून खांद्याच्या मध्यावर येतो. बैठक आखूड असल्याने गुडघे काठावर दुमडतात आणि मूल पाठ टेकून सरळ बसतं. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बूस्टरचे दोन ‘हात’ कोपर टेकायला नसतात. खालचा पट्टा त्यांच्याखालून जाऊन मांडीच्या वरच्या भागावर दाबून राहावा म्हणून ते असतात. म्हणूनच घरातला लोड किंवा जाड उशी बूस्टरचं काम करू शकत नाही. उंची मिळते, पण उशी दाबली जाते, पुढे सरकते, पट्ट्याला अडवून धरायला काहीच नसतं आणि मूल पट्ट्याखालून निसटतं.

अमेरिकेने मध्येच एक वेगळी वाट धरली. तिथल्या गाड्यांत मागे खांद्यावरचा पट्टा १९८९ च्या अखेरीपर्यंत सक्तीचा नव्हता. नुसता कमरेचा पट्टा असायचा. म्हणून मुलाच्या पोटासमोर आडवी ढाल असलेले बूस्टर निघाले आणि तो कमरेचा पट्टा ढालीवरून जायचा. त्यातून मुलं ढालीवरून बाहेर फेकली जात, पोटाला मार बसे. नव्वदच्या दशकात बालरोगतज्ज्ञांनी त्याची शिफारस थांबवली. हा धडा आपल्याकडे आजही उपयोगी आहे, कारण आपल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे. त्या जागेवर बूस्टर कधीच ठेवायचा नाही. बूस्टरने वर उचललेलं मूल, छातीला आधार नाही आणि पुढे समोरच्या दोन सीटमधली मोकळी जागा: यापेक्षा मूल बूस्टरशिवाय बसलेलं बरं.

पाठ नंतर आली. नुसत्या कुशनवर खांद्याचा पट्टा कुठून येणार हे गाडीवर अवलंबून राहतं. काही गाड्यांत पट्टा ज्यातून निघतो तो खांब फार मागे असतो, काहींत फार बाहेर. पाठ असलेल्या बूस्टरला डोक्याजवळ पट्टा ओवायची खाच असते. पाठ वरखाली करून ती खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर आणता येते. शिवाय दोन्ही बाजूंना पंख असतात. त्र्यंबकहून रात्री परतताना किंवा कसारा घाटात वळणांवर झोपलेलं मूल पाहिलं असेल तर पंखांचा उपयोग सांगायला नको: नुसत्या कुशनवर ते एका बाजूला कलंडतं आणि खांदा पट्ट्याबाहेर येतो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात चार ते आठ वर्षांच्या मुलांना बूस्टरमुळे इजा होण्याचा धोका नुसत्या पट्ट्यापेक्षा ४५ टक्क्यांनी कमी दिसला, पण पाठ असलेला आणि नसलेला यांच्यात स्पष्ट फरक आढळला नाही. म्हणजे पाठ ही जादू नव्हे. गाडीच्या मागच्या सीटला हेडरेस्ट नसेल, पट्टा खांद्यावर नीट येत नसेल किंवा मूल झोपत असेल, तर ती लागतेच. आमच्या मते चार ते आठ-नऊ वर्षांसाठी पाठीचाच घ्यावा, कारण नाशिकमधल्या बहुतेक कुटुंबांच्या गाडीत या तीनपैकी एक तरी अडचण असते.

नियमांनी हेच मागून मान्य केलं. युरोपचा आर४४ हा नियम १९८१ पासून लागू झाला. त्यात मुलांचे गट वजनावरून पाडले. बूस्टरचे गट दोन आणि तीन, एकत्र १५ ते ३६ किलो. २०१७ पासून नव्याने मान्यता मिळणारे बिनपाठीचे बूस्टर फक्त १२५ सेंटीमीटरपेक्षा उंच आणि २२ किलोपेक्षा जड मुलांपुरते मर्यादित झाले. त्याआधी २०१३ मध्ये आर१२९ आला होता. त्याने वजनाऐवजी उंची धरली आणि आर४४ मध्ये नसलेली बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची केली. त्यातले पाठीचे बूस्टर सहसा १०० ते १५० सेंटीमीटरसाठी असतात. युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून आर४४ च्या नव्या सीट विकता येत नाहीत. आपलं एआयएस-०७२ हे मानक मात्र त्या आर४४ च्याच वळणाचं आहे.

भारतीय कायद्यात मुलांसाठी स्वतंत्र दंड आला तो २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने. कलम १९४ब म्हणतं की चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा साधनाने बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. गोम आहे ती त्या ‘किंवा’त. चार वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या मुलाला कायदा एकाच मापाने मोजतो. उंचीचा उल्लेखच नाही. पट्टा गळ्यावर असला तरी कायदा पाळला गेला. युरोपात १३५ किंवा १५० सेंटीमीटरपर्यंत आणि अमेरिकेतल्या सल्ल्यात साधारण १४५ सेंटीमीटरपर्यंत बूस्टर सांगितला जातो, त्यामागे कारण वय नसून मांडीची आणि धडाची लांबी आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न तातडीचा झाला तो रस्त्यांमुळे. गंगापूर रोडवरून शाळेपर्यंतच्या वेगात बऱ्याच चुका खपून जातात. पण समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर टप्पा मे २०२३ मध्ये आणि इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा घरच्या सहलीत आली. ताशी ८० च्या तुलनेत १२० ला गाडीतली ऊर्जा सव्वादोन पट असते. वीस किलोचं मूल मांडीवर धरून ठेवू, हा विश्वास ८० लाही खोटाच होता. दुसरी अडचण गाड्यांची. पाचजणांच्या गाडीत सातजण वणीला निघतात. आणि बोलेरोसारख्या गाड्यांत, ज्या आपल्या सातपुरात बनत आल्या, मागे समोरासमोर आडवी बाकडी असतात. आडव्या बाकड्यावर कुठलाही बूस्टर चालत नाही. पट्टा पुढच्या धडकेसाठी असतो, आणि तिथे पुढची धडक मुलाला बाजूने बसते. मुलं मधल्या रांगेत, मोठे मागे, असं ठरवून टाकावं.

आता बसवण्याची पद्धत. आधी गाडीचं हेडरेस्ट बघा. ते बूस्टरच्या पाठीला पुढे ढकलत असेल तर वर करा किंवा, माहितीपुस्तिकेत चालत असेल तर, काढून ठेवा. बूस्टरची पाठ गाडीच्या सीटला सपाट टेकली पाहिजे. मुलाला पार मागे बसवा. खालचा पट्टा बूस्टरच्या दोन्ही हातांखालून घ्या. बक्कलच्या बाजूला बहुतेक बूस्टरमध्ये खांद्याचा पट्टाही त्या हाताखालूनच येतो; तो हातावरून घेतला की खालचा पट्टा वर ओढला जातो, आणि ही चूक सर्वांत जास्त दिसते. पट्ट्याचा मार्ग सहसा लाल रंगाने दाखवलेला असतो. वरचा पट्टा खाचेत ओवून खांद्याच्या मध्यावर आला की चाचणी करा: मुलाला पुढे वाकून पुन्हा मागे टेकायला सांगा. पट्टा आपोआप गुंडाळला गेला तर ठीक. खाचेत अडकून सैल राहिला तर पाठीची उंची बदला. तरी तसंच झालं तर त्या गाडीत तो बूस्टर चालणार नाही, कितीही महागडा असो.

हिवाळ्यात निफाडकडे पहाटे निघताना मुलाला फुगीर जॅकेट घालून पट्टा लावतात. धडकेत जॅकेट दबतं आणि तेवढा पट्टा सैल होतो. पट्टा स्वेटरवर, जॅकेट किंवा शाल वरून.

आयसोफिक्सचे आकडे, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांत अडकणारे हुक, बूस्टरला असले तर चांगलंच, पण त्यांचा अर्थ नीट समजून घ्या. मुलाला धरतो तो गाडीचाच पट्टा. आकडे बूस्टर हलू देत नाहीत आणि मूल नसताना तो गाडीत उडू देत नाहीत. आकडे नसतील तर रिकाम्या बूस्टरलाही पट्टा लावून ठेवायचा.

दुकानात जाताना गाडी आणि मूल दोन्ही बरोबर न्या. टेपने मागची सीट मोजा: बक्कल बूस्टरखाली दबत असेल तर रोज लावताना वैताग होतो आणि अर्धवट लागण्याचा धोका राहतो. लेबलवर गोलात ‘ई’ आणि शेजारी आकडा, शिवाय आर१२९ किंवा आर४४ चा उल्लेख, नाहीतर एआयएस-०७२ हवं. पट्टा खाली ओढणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा आणि कापडी त्रिकोण बूस्टरला पर्याय नाहीत. वापरलेला बूस्टर घ्यायचाच तर त्याने अपघात पाहिलेला नाही हे ज्याच्या शब्दावर विसंबता येईल अशा माणसाकडूनच घ्या. आतला थर्माकोलसारखा फोम चिरला तर वरून दिसत नाही.

बूस्टर सोडायची वेळ वाढदिवसावर ठरत नाही. मूल पाठ टेकून बसलं असताना गुडघे सीटच्या काठावर दुमडतात का, खालचा पट्टा मांडीवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावर राहतो का, आणि पिंपळगावच्या टोलपर्यंत ते तसंच बसून राहतं का, हे पाहायचं. मामाच्या गाडीत हे जमेल आणि आपल्या गाडीत जमणार नाही, असंही होतं. तेव्हा आपल्या गाडीतला बूस्टर तसाच राहू द्यायचा.