नऊ टक्के म्हणजे नेमकं काय?

कोल्हापुरात पीएच.डी.चा प्रबंध सादर करायच्या बेतात असलेलं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती टक्के आलं?" म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसरीकडेही सापडला, असं सॉफ्टवेअरने सांगितलं. नऊ आलं की सुटकेचा निःश्वास. बारा आलं की रात्र जागून शब्द बदलायचे. या धावपळीच्या मुळाशी एक समज घट्ट बसलेला आहे, तो म्हणजे दहा टक्क्यांपर्यंतची चोरी चालते. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो खोडून काढायची जबाबदारी आता येऊन पडली आहे ग्रंथपालांवर.

ग्रंथपाल म्हटलं की अजूनही बहुतेकांना दाखल नोंदवही, तालिका कार्डांचे खण, ड्युई दशांश पद्धतीचे क्रमांक आणि उशिरा परत केलेल्या पुस्तकाचा दंड एवढंच आठवतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, राजाराम कॉलेज १८८० चं, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. एवढी जुनी वाचनपरंपरा असलेल्या या शहरालाही हे चित्र बदलल्याचं फारसं जाणवलेलं नाही. विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आता ज्ञानस्रोत केंद्र आहे. प्रबंध 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहात चढवले जातात. २०२५ च्या जानेवारीपासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं देशभरातल्या सरकारी संस्थांना खुली झाली. ती शोधून कशी वापरायची, हे विद्यार्थ्यांना शिकवायचं कामही ग्रंथपालांचंच. या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते साम्य अहवाल, म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेला हा टक्क्यांचा अहवाल, वाचण्याचं काम. ते का अवघड आहे हे कळायचं असेल, तर सॉफ्टवेअर आत काय करतं ते बघावं लागेल.

हे वाक्य घ्या: "पंचगंगा नदीला पावसाळ्यात पूर येतो आणि शहराच्या सखल भागात पाणी शिरते." अकरा शब्द. यंत्राला पंचगंगाही कळत नाही आणि पूरही. ते या वाक्याचे पाच-पाच शब्दांचे, एकमेकांवर चढणारे तुकडे पाडतं. पहिला ते पाचवा शब्द हा एक तुकडा, दुसरा ते सहावा हा पुढचा, असे एकूण सात. प्रत्येक तुकड्याचं एका गणिती सूत्राने आकड्यात रूपांतर होतं. या आकड्याला 'हॅश' म्हणतात. तोच तुकडा जगात कुठेही आला तरी आकडा तोच येतो. एक अक्षर बदललं तरी आकडा पूर्ण वेगळा. कोट्यवधी कागदपत्रांचे असे आकडे आधीच क्रमाने लावून ठेवलेले असतात. त्यामुळे तुमचा प्रबंध प्रत्येक प्रबंधाशी ओळीओळीने ताडून पाहावा लागत नाही, फक्त आकडे त्या यादीत आहेत का एवढंच पाहायचं.

पण आकडे फार होतात. पाचशे पानांच्या प्रबंधाचे लाखाच्या वर तुकडे पडतात. मग त्यातले थोडेच ठेवायचे. कोणते? हवे ते उचलले तर दोन प्रबंधांतून वेगवेगळे तुकडे उचलले जातील आणि सारखा मजकूर असूनही जुळणी होणार नाही. यावर २००३ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी फार देखणी युक्ती मांडली. सलग चार आकड्यांची एक खिडकी धरायची, त्यातला सर्वांत लहान आकडा ठेवायचा, मग खिडकी एक घर पुढे सरकवायची. आपल्या वाक्याचे सात आकडे समजण्यासाठी ७२, ४१, ८८, १७, ६३, ३९, ५५ असे धरू. पहिल्या खिडकीत लहान १७. दुसरीत १७. तिसरीत आणि चौथीतही १७. सातांतून एकच उरला, आणि तोच या वाक्याचा ठसा. आता हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या प्रबंधात, मागेपुढे अगदी वेगळा मजकूर असताना आलं, तरी पूर्णपणे या वाक्याच्या आत बसणारी खिडकी तिथेही १७ च निवडणार. दोघांनी एकमेकांना न विचारता तोच तुकडा उचलला! पाच शब्दांचा तुकडा आणि चार आकड्यांची खिडकी असेल, तर सलग आठ शब्दांचं साम्य या चाळणीतून निसटूच शकत नाही. पाच अधिक चार वजा एक, एवढंच ते गणित आहे. पण पुरावा कागदावर एकदा मांडून बघा, आनंद होईल.

आता याच वाक्यात 'आणि' काढून 'व' घाला. सहावा शब्द बदलला, म्हणून तो ज्या ज्या तुकड्यात होता ते पाच तुकडे मोडले. उरले दोन. अर्थामध्ये तसूभर फरक नाही, चोरी जिथल्या तिथे, आणि जुळणारे तुकडे सातावरून दोनावर. "प्लॅगरिझम (वाङ्मयचौर्य) कमी करून देऊ" म्हणून इंटरनेटवर ज्या जाहिराती फिरतात, त्यांच्यामागे बहुतेकदा एवढीच करामत असते. विद्यार्थी पैसे मोजतात, भाषा विद्रूप होते, 'सिंचन'च्या जागी भलताच शब्द येतो आणि टक्के मात्र खाली येतात.

मराठी प्रबंधांत तर आणखी खोल खड्डे आहेत. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसरीत साध्या 'र'पुढे हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र पूर्ण वेगळे. सॉफ्टवेअरने तपासणीआधी ती चिन्हं एकसारखी करून घेतली नाहीत, तर शेतीवरच्या दोन प्रबंधांतला हुबेहूब परिच्छेदही त्याला दिसणार नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तर आतून रोमन अक्षरांचा आणि खुणांचा कचरा असतो. स्कॅन केलेल्या पानात मजकूरच नसतो, नुसतं चित्र. इंग्रजी लेखाचा ओळीओळीने मराठी अनुवाद केला तर एकही शब्द जुळत नाही. म्हणून मराठी प्रबंधाचा अहवाल शून्य किंवा एक टक्का आला, की जाणता ग्रंथपाल खूश होत नाही. तो आधी फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये चिकटवून बघतो. अक्षरं मराठीच उमटली तर पुढे वाचायचं, नाहीतर फाइल परत.

उलट्या बाजूचा घोटाळाही असतो. राजर्षी शाहू महाराजांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला २६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा हुकूमनामा उद्धृत करावाच लागतो. तो शेकडो ठिकाणी छापलेला आहे, म्हणजे अहवालात ती सगळी ओळ लाल, साम्य सापडल्याची खूण. ही चोरी नव्हे, हे तर संशोधकाचं कर्तव्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतही श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांची नावं, प्रमाण समीकरणं तपासणीतून वगळायला सांगितली आहेत. त्याच नियमांत साम्याच्या पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, दहा ते चाळीसला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठला वर्षभर सादर करायला बंदी, साठच्या वर नोंदणी रद्द. लोकांनी यातला दहाचा आकडा तेवढा पाठ केला. निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी असा जो संशोधनाचा गाभा, त्यात साम्य असूच नये, असंही तिथेच लिहिलेलं आहे. अडीचशे पानांचे दहा टक्के म्हणजे पंचवीस पानं. ती प्रस्तावनेत विखुरलेली आहेत की अख्खं निष्कर्षाचं प्रकरण आहे, हे टक्क्यांवरून कधीच कळणार नाही. त्यासाठी कुणीतरी पान उलटून वाचावं लागतं.

आणि आता एआय. यंत्राने लिहिलेलं वाक्य सहसा कुठूनही उचललेलं नसतं, त्यामुळे ठसे जुळवायची रीत इथे निकामी ठरते. मग 'एआय ओळखून देणारी' साधनं आली. त्यांच्यावर देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवला जातोय, त्याची मला खरोखर चीड येते. ही साधनं पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो यावरून अंदाज बांधतात. ज्यांची इंग्रजी मातृभाषा नाही ते साधी, ठरीव वाक्यं लिहितात, म्हणून त्यांच्यावरच संशय येतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेतले ९१ निबंध अशा सात साधनांना दाखवले, तेव्हा सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरवले गेले. ते सगळे माणसांनी लिहिलेले होते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन त्याच वर्षी, अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. कागल-गडहिंग्लजकडून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला अशा आकड्यावरून खोटं ठरवणं हा अन्याय आहे.

एआयचा माग संदर्भसूचीत जास्त खात्रीने लागतो. चॅटबॉट अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ बेमालूम रचून देतो. इथे ग्रंथपालाची जुनी विद्या कामी येते. नियतकालिक खरं आहे का, त्या वर्षी तो खंड निघाला होता का, दहा या आकड्याने सुरू होणारा डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळालेला कायमचा ओळख क्रमांक, उघडला तर तोच लेख समोर येतो की भलताच. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले त्याआधी गणित शिकवत होते. आजच्या ग्रंथपालालाही वर्गीकरणाबरोबर हॅश, युनिकोड आणि थोडी संभाव्यता यायला हवी, आणि ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे विषय तोंडओळखीपुरते नकोत, हाताने करून बघण्याइतके हवेत.

प्रबंध लिहिणाऱ्यांना एक सुचवतो. अहवाल शेवटच्या आठवड्यात मागू नका. एक प्रकरण पुरं झालं की युनिकोडमधली फाइल घेऊन ग्रंथालयात जा आणि "मॅडम, किती टक्के आलं?" याऐवजी "मॅडम, कुठल्या पानावर आलं?" असं विचारा. लाल झालेली प्रत्येक ओळ त्यांच्यासमोर उघडा. अवतरण असेल तर अवतरणचिन्हं आणि श्रेय द्या, दुसऱ्याचा विचार असेल तर मूळ लेख मिटून ठेवून स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा आणि तरीही श्रेय द्या. एका प्रकरणाला दोन तास सहज लागतात.