थंडीत ताठणारं रबर

पहिल्या महायुद्धात जर्मन ट्रकचालकांच्या मागे एक जास्तीचं काम लागलं होतं. ट्रक उभा करायचा तर जॅकवर उचलून. नाहीतर टायर जिथे टेकला तिथे चपटा होऊन बसायचा, थंडीत तर लाकडासारखा ताठ. हे टायर मिथाइल रबर या कृत्रिम रबराचे, आणि ते रबर फ्रिट्झ हॉफमन यांच्या प्रयोगशाळेतलं.

हॉफमन मूळचे औषधनिर्माते. पुढे रसायनशास्त्र शिकून ते एल्बरफेल्डला बायर कंपनीत लागले. १९०६ मध्ये कंपनीने बक्षीस लावलं: झाडाच्या रबराच्या तोडीचं रबर किलोला १० मार्कांच्या आत करून दाखवा, २०,००० मार्क घ्या. मुदत १९०९ च्या नोव्हेंबरपर्यंत.

रबर तापवलं की आयसोप्रीन नावाचा पातळ द्रव निघतो, हे तेव्हा जुनंच ज्ञान होतं. हॉफमन उलटे निघाले. दगडी कोळशाच्या डांबरातल्या क्रेसॉलपासून त्यांनी शुद्ध आयसोप्रीन बनवलं आणि बंद पात्रात कोंडून तापवत ठेवलं. द्रव दाटत गेला, आणि आत चक्क ताणलं जाणारं रबर! रबर म्हणजे आयसोप्रीनच्या कड्यांची लांबलचक साखळी, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. ती कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्टॉडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. हॉफमन यांच्या कृतीचं पेटंट मात्र १२ सप्टेंबर १९०९ लाच नोंदलं गेलं.

पण आयसोप्रीन फार महाग. म्हणून अॅसिटोनपासून होणारं त्याचं स्वस्त भावंड घेतलं. त्याच्या दर कडीला एक मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) जास्त, म्हणून हे मिथाइल रबर. धातूच्या पिंपात ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने ठेवावं लागे. १९१२ मध्ये खुद्द कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, मोटारीला हे टायर लागले. तोवर मलाया आणि सिलोनच्या मळ्यांचं रबर बाजारात उतरून भाव घसरू लागले होते, तेव्हा कंपनीने काम गुंडाळलं.

युद्धात ब्रिटिश नाकेबंदीने झाडाचं रबर अडलं आणि पिंपं पुन्हा भरली. बायरच्या लेव्हरकुसेनच्या कारखान्यात सुमारे २,४०० टन मिथाइल रबर निघालं. पाणबुड्यांच्या बॅटरीच्या पेट्यांसाठी त्याचा कडक प्रकार उत्तम ठरला. टायरची कथा वर आलीच. शांतता झाली, कारखाना पुन्हा बंद. हॉफमन ब्रेस्लाऊला कोळसा संशोधन संस्थेत गेले.

१९२९ मध्ये लेव्हरकुसेनलाच वॉल्टर बॉक यांनी बुना-एस बनवलं, पुढे जगभर टायरमध्ये गेलेलं रबर. ते ब्युटाडाइन (आयसोप्रीनचंच आणखी एक भावंड) आणि स्टायरीन या दोन रसायनांचं. ब्युटाडाइनमध्ये मिथाइल गट एकही नसतो.