अंतराळातील देहधर्म : एका ओशाळवाण्या प्रश्नाची पार्श्वभूमी

अंतराळवीर शाळकरी मुलांसमोर उभा राहिला की जेवण, झोप आणि भीती यांविषयीचे प्रश्न संपता संपता मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : वर शौचाला कसे जाता? वर्गात हशा पिकतो, शिक्षक ओशाळतात. पण विचारणाऱ्या मुलाने नकळत अंतराळ अभियांत्रिकीच्या एका अवघड प्रकरणाला हात घातलेला असतो. पृथ्वीवर या कामाचा मोठा वाटा गुरुत्वाकर्षण उचलते, आणि ते इतक्या बिनबोभाट उचलते की त्याची मदत गृहीतच धरली जाते. कक्षेत मात्र यान आणि त्यातील माणसे एकाच वेगाने सतत पृथ्वीभोवती पडत असतात, त्यामुळे यानाच्या आत ‘खाली’ अशी दिशाच उरत नाही. मूत्राचा थेंब पृष्ठताणामुळे त्वचेला चिकटून बसतो किंवा गोळा होऊन तरंगत राहतो, आणि मल शरीरापासून आपसूक सुटत नाही. मूत्राशय भरत आल्याची नेहमीची जाणीवही उशिरा होते, म्हणून अंतराळवीरांना ठरावीक अंतराने लघुशंकेला जाण्याची सवय लावून घ्यावी लागते.

अमेरिकेत या प्रश्नाची सुरुवात प्रक्षेपणतळावरच झाली. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड यांचे उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचे होते, त्यामुळे पोशाखात मूत्रासाठी काहीच सोय केलेली नव्हती. पण उड्डाणाआधीची प्रतीक्षाच चार तासांहून अधिक लांबली आणि यानाच्या कुपीत पाठीवर पडून असलेल्या शेपर्ड यांनी अखेर परवानगी मागितली. पोशाखातील संवेदकांना धोका नको म्हणून त्यांचा वीजपुरवठा बंद करण्यात आला, आणि अंतराळात जाणारा पहिला अमेरिकी माणूस ओल्या अंतर्वस्त्रांनिशी गेला. नियोजनकर्त्यांनी उड्डाणाची मिनिटे मोजली होती, वाट पाहण्याचे तास मोजले नव्हते. त्याआधी तीनच आठवडे युरी गागारिन यांनी प्रक्षेपणतळाकडे जाताना बस थांबवून तिच्या मागच्या चाकाशी हे काम उरकल्याचे सांगितले जाते. पुढे कित्येक वर्षे रशियन दलांनी तो शिरस्ता शकुन म्हणून पाळला.

शेपर्ड यांच्यानंतर पोशाखात मूत्रसंचयाची पिशवी आली. ती शरीराला एका रबरी आवरणाने जोडलेली असे आणि त्याची मापे लहान, मध्यम व मोठी अशी होती. कोणी लहान माप मागेना, सैल आवरणातून गळती होई, आणि अखेर मापांची नावेच अधिक भारदस्त करावी लागली, अशी आठवण त्या पिढीतील अंतराळवीरांनी पुढे सांगितली आहे. ही नुसती गमतीची गोष्ट नाही : यंत्र अचूक असले तरी ते वापरणाऱ्याचा अहंकार आराखड्यात धरावा लागतो, हे तिथे कळले.

मलाचा प्रश्न याहून बिकट ठरला. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ७ या यानात फ्रँक बोरमन आणि जिम लव्हेल हे दोघे चौदा दिवस राहिले, तेही अशा कुपीत जिथे धड उभे राहण्यासही जागा नव्हती. जेमिनीत आणि नंतर अपोलोत उपाय एकच होता : कडेला चिकट पट्टी असलेली प्लॅस्टिकची पिशवी शरीराला चिकटवायची, मल बोटाने खाली ढकलायचा (त्यासाठी पिशवीला बोटाची खोळ शिवलेली असे), मग आत जंतुनाशक फोडून ते हाताने कणकेसारखे मळायचे, जेणेकरून वायू धरून पिशवी फुगू नये. या साऱ्याला पाऊण तास लागे. मे १९६९ मधील अपोलो १० च्या ध्वनिमुद्रित संभाषणात यानात तरंगत आलेल्या मलाच्या एका तुकड्याची नोंद आहे. दलप्रमुख टॉम स्टॅफर्ड घाईने कागदी रुमाल मागतात आणि तिघेही तो आपला नसल्याची ग्वाही देतात. चंद्रापर्यंत माणूस पोचवणाऱ्या कार्यक्रमातील ही बाजू त्याच्या गौरवगाथांत सहसा सापडत नाही.

मूत्र मात्र नळीवाटे बाहेर सोडले जाई आणि त्याचे क्षणात गोठलेले कण सूर्यप्रकाशात ताऱ्यांसारखे चमकत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या अपघातानंतर हेही थांबवावे लागले, कारण बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या लहानशा रेट्यानेही परतीचा मार्ग ढळण्याची भीती होती. पाणी अपुरे, त्यातून ते कमी प्यायले गेलेले. दलातील फ्रेड हेज यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि ते तापाने फणफणत परतले.

गुरुत्वाकर्षणाची जागा हवेच्या ओढीने घ्यायची, हे आजही वापरात असलेले तत्त्व अमेरिकी यानात १९७३ च्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात रुजले. तेथील दले अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिली, आणि एवढ्या मुक्कामाला पिशव्या पुरणाऱ्या नव्हत्या. भिंतीत बसवलेल्या आसनाखालून पंखा हवा ओढून घेई. मल निर्वातात वाळवून वैद्यकीय तपासणीसाठी पृथ्वीवर आणला जाई. स्पेस शटलमध्ये हेच तत्त्व पुढे गेले, पण आसनाचे भोक अवघे दहा सेंटिमीटरच्या आसपास होते, म्हणून प्रशिक्षणाच्या आसनाखाली कॅमेरा बसवून अंतराळवीरांना समोरच्या पडद्यावर पाहत नेमके बसण्याचा सराव करावा लागे. १९८४ मध्ये, राकेश शर्मा साल्युत ७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर राहून आल्यानंतर काही महिन्यांतच, डिस्कव्हरी या शटलच्या निचऱ्याच्या तोंडाशी बर्फाचा मोठा सुळका जमला. परतीच्या वेळी तो तुटून यानावर आदळला असता, म्हणून दलप्रमुख हेन्री हार्ट्सफील्ड यांनी यांत्रिक हाताने तो पाडला, आणि उरलेले दिवस दलाला पुन्हा पिशव्यांवर काढावे लागले.

अंतराळवीर पुरुषच असणार, हे इतकी वर्षे गृहीत धरलेले होते. १९८३ मध्ये सॅली राइड पहिल्या अमेरिकी महिला अंतराळवीर झाल्या, तेव्हा आठवड्याभराच्या उड्डाणासाठी शंभर टॅम्पॉन (मासिक पाळीत वापरायच्या शोषक सुरळ्या) पुरतील का, असे अभियंत्यांनी त्यांना विचारले होते. महिलांना रबरी आवरण निरुपयोगी असल्याने पोशाखाच्या आत घालायचे शोषक वस्त्र तयार करण्यात आले. पुढे तेच पुरुषांनाही सोयीचे वाटले आणि प्रक्षेपण, अवतरण व अंतराळचालीच्या वेळी सर्वच जण तसे वस्त्र वापरू लागले.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात प्रश्नाचे स्वरूप बदलले. तिथे माणसाला दिवसाला सुमारे पावणेचार लिटर पाणी लागते आणि ते सारे रॉकेटने वर चढवणे परवडणारे नाही. म्हणजे मूत्र हा टाकाऊ पदार्थ न राहता कच्चा माल ठरतो. नोव्हेंबर २००८ मध्ये एंडेव्हर यानाने ऊर्ध्वपातनाने मूत्र शुद्ध करणारी यंत्रणा वर नेली आणि मे २००९ मध्ये स्थानकवासीयांनी त्या पाण्याच्या पिशव्या एकमेकांना टेकवून पहिला घोट घेतला. लवकरच यंत्रणा तुंबू लागली. त्याचे कारण मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते : भारहीनतेत हाडे झिजतात, त्यांतील कॅल्शियम मूत्रात उतरते, आणि मूत्र साठवताना घातलेल्या सल्फ्युरिक आम्लाशी संयोग होऊन कॅल्शियम सल्फेटचा साका यंत्रात बसत होता. पृथ्वीवरील चाचण्यांतील मूत्रात कॅल्शियमचे हे प्रमाण नव्हते. पाण्याची परतफेड ८५ टक्क्यांच्या अपेक्षेखाली घसरली आणि अखेर सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरण्याचा तोडगा निघाला. नंतर उरलेल्या खाऱ्या गाळातूनही पाणी काढणारे उपकरण बसल्यावर २०२३ मध्ये स्थानकातील एकूण पाण्याची परतफेड ९८ टक्क्यांवर पोचली. २०२५ च्या उन्हाळ्यात शुभांशू शुक्ला तिथे राहायला गेले ते या टप्प्यानंतर.

स्थानकावरचे नवे शौचालय २ कोटी ३० लाख डॉलर खर्चून बनले. ते आधीच्यापेक्षा ६५ टक्के लहान आणि ४० टक्के हलके आहे, झाकण उचलताच हवेची ओढ सुरू होते, आणि नरसाळे व आसन यांची रचना महिलांना दोन्ही एकाच वेळी वापरता यावी अशी केलेली आहे. ते नेणाऱ्या मालवाहू यानाला कल्पना चावला यांचे नाव होते. प्रक्षेपणाची अमेरिकेतील तारीख २ ऑक्टोबर २०२० होती. गांधीजयंतीचा योग साधला म्हणावे, तर भारतात तोवर ३ तारखेची सकाळ उजाडली होती.

मलाची गोष्ट अजून मूत्राइतकी पुढे गेलेली नाही. तो डब्यांत बंद करून रिकाम्या झालेल्या मालवाहू यानात भरला जातो आणि ते यान वातावरणात शिरताना इतर कचऱ्यासह जळून जाते. मंगळाच्या वाटेवर असे यान भेटणार नाही, आणि तो प्रवास एका दिशेने सहा ते नऊ महिन्यांचा आहे.