गावातला पिवळा बलब कसा गेला

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडं आता कोणत्याही गावात दिवेलागणीला गेलं की घराघरात पांढरा उजेड दिसतो, पण पंधरा-वीस वर्षांआधी हेच गाव लांबून पिवळं दिसायचं, अन् तेही लाईन असली तर. लोकांना वीज वाचवायची अक्कल आली म्हणून हे झालं असं बरेच जण सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. खेड्यातला माणूस पहिल्यापासूनच पैपै जपतो, "खोलीत कोणी नाही तर बटन बंद कर ना" हे आमची आजी दिवसातून दहादा म्हणायची. अडचण अकलेची नव्हतीच. अडचण होती किमतीची अन् व्होल्टेजची.

त्याच्याही आधी रॉकेलची चिमणी अन् कंदील. गरिबाच्या घरात वीज शिरली ती बऱ्याच ठिकाणी कुटीर ज्योती योजनेतून, १९८८-८९ मध्ये केंद्रानं ती आणली, एका घराला एक दिवा एवढंच कनेक्शन. तो एक दिवा म्हणजे साठ वॅटचा नाहीतर चाळीसचा बलब. आतली टंगस्टनची तार तापून पांढरी होते तेव्हा उजेड पडतो, म्हणजे मुळात ती शेगडीच, खाल्लेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या वर उष्णतेतच जाते. पण किराणा दुकानात दहा रुपयाला मिळायचा, गेला तर दुसरा लावला, मजुरीवर चालणाऱ्या घराला तेच परवडायचं. कमी वीज खाणारा महाग दिवा घेऊन महिन्याचं बिल किती वाचेल हा हिशोब करायला आधी हातात शंभर-दीडशे रुपये असावे लागतात, ते कुठून आणायचे?

व्होल्टेजची गोष्ट शहरातल्या माणसाला सांगून समजत नाही. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं, संत्र्याच्या बगीच्यात मोटरी लागल्या की संध्याकाळी डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, असा लोड यायचा की बलबातली तार नुसती लाल दिसायची, गांडुळासारखी, काचेतून डोळ्यानं सरळ बघता यायची. तारेच्या बलबात व्होल्टेज थोडं उतरलं तरी उजेड त्याच्या कितीतरी पट उतरतो. पण लालसर का होईना, तो पेटलेला तरी राहायचा. ट्यूबलाईट मात्र पेटायचीच नाही, दोन्ही टोकं नारिंगी व्हायची, मधी फडफड करायची अन् परत अंधार, मग आम्ही पोरं स्टुलावर चढून स्टार्टर फिरवायचो, कधी तो काढून दुसऱ्या खोलीतला लावून बघायचो. दहावीच्या वर्षी मी अशाच लाल तारेखाली बसून अभ्यास केला, पुस्तक पार नाकाशी धरून. म्हणून ज्याच्या घरी ट्यूब होती त्यानंही बाजूला एक बलब ठेवलेलाच असायचा.

२००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या कंपन्या वेगळ्या झाल्या, अन् त्याच सुमारास भारनियमनाचे दिवस सुरू झाले, खेड्यात बारा-बारा तास लाईन नसायची. कोराडी, खापरखेडा, पारस, चंद्रपूर ही सगळी वीज केंद्रं विदर्भातच, एकट्या चंद्रपूरची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे, अन् इकडं पोरं कंदिलाची काच पुसत बसलेली, याचं दुःख आमच्या पिढीच्या मनातून जाणार नाही.

त्याच काळात सीएफएल आली, म्हणजे ट्यूबलाईटचीच लहान, वळवलेल्या नळीची बहीण. साठच्या बलबाएवढा उजेड चौदा-पंधरा वॅटमध्ये, पण दुकानात शंभराच्या पुढं. २००९ मध्ये केंद्रानं बचत लॅम्प योजना आणली, जुना बलब द्या अन् पंधरा रुपयात सीएफएल घ्या, वरचा खर्च कार्बन क्रेडिट, म्हणजे प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारे दाखले, विकून काढायचा. कल्पना चांगली होती, पण पुढं कार्बन क्रेडिटचेच भाव कोसळले अन् योजनेचा दम गेला. सीएफएलचा स्वतःचाही त्रास होता. लाईन सारखी ये-जा करते तिथं ती लवकर जाते, अन् फुटली की आतला पारा घरात पसरतो, थोडासाच असतो पण शेणानं सारवलेल्या जमिनीवरून तो काढणार कसा.

खरा फरक एलईडीनं पडला. निळा उजेड देणारा एलईडी १९९० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी जमवला, अकासाकी, अमानो अन् नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड होतो, एलईडी उघडला की पिवळे ठिपके दिसतात ते हेच. पण जपानमधला शोध आमच्या ओसरीत आला तो भाव पडल्यामुळं. ५ जानेवारी २०१५ ला जी योजना सुरू झाली, जिला पुढं उजाला नाव पडलं, तिच्यात ईईएसएल या सरकारी कंपनीनं कोट्यवधी बलबांची एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ च्या सुरुवातीला खरेदीचा भाव ३१० रुपये होता, २०१६ मध्ये तो ३८ वर आला. देशभरात ३६ कोटींच्या वर बलब वाटले गेले, वीजबिल दाखवून, पैसे नसले तर बिलातून हप्त्यानं. मार्च २०२१ मध्ये ग्राम उजाला आली, जुना चालू बलब द्या अन् दहा रुपयात एलईडी न्या, एका घराला पाच, तीन वर्षांची गॅरंटी, अन् पहिल्या टप्प्याच्या यादीत आपला नागपूर जिल्हा होता. किराणा दुकानात जो भाव साध्या बलबाला होता त्याच भावात एलईडी, याहून मोठं काय पाहिजे?

हिशोब साधा आहे. साठचे चार बलब रोज पाच तास लावले तर महिन्याला ३६ युनिट, नऊ वॅटचे चार एलईडी लावले तर साडेपाचच्या आत. शंभर युनिटच्या वर गेलं की दर वाढतो, म्हणून हे तीस युनिट घरच्या माणसाला बिलात लगेच दिसतात. अन् चांगल्या एलईडीतला ड्रायव्हर, म्हणजे आतलं वीज सांभाळणारं सर्किट, कमी व्होल्टेजवरही उजेड सारखा ठेवतो, मोटरी चालू असल्या तरी. आमच्या आईला बिलाच्या आधी हेच जाणवलं, "आता गहू निवडताना खडा दिसते" म्हणाली.

शंभरचा पिवळा बलब आमच्याकडं अजून एक उरला आहे. थंडीत कोंबडीची पिल्लं निघाली की टोपलीवर तो टांगतो, खाली पिल्लं गोळा होऊन झोपतात. तिथं ती उष्णताच लागते.